निगराणी आणि अमानत

शाळेत कोणती भाषा शिकवावी यावर आपल्याकडे सभा होतात, मोर्चे निघतात, अग्रलेख लिहिले जातात. ती भाषा वर्गात कशी शिकवली जाते हे पाहायचे काम कोणाचे, आणि पाहणारा त्या कामाला लायक आहे की नाही, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. २०२५ साली आपण हेच पाहिले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. १७ जूनला त्यातला अनिवार्य हा शब्द गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. त्या अडीच महिन्यांत हिंदी हवी की नको यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. पहिलीच्या वर्गात ती शिकवणार कोण, आणि शिकवणाऱ्याला हात देणार कोण, यावर फारच थोडे बोलले गेले.

हा प्रश्न मला सुचला तो विद्वत्तेमुळे नव्हे. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे सुचला. ती आधी सांगतो.

मी गणिताचा शिक्षक. एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात नोकरी केली आणि शेवटची अकरा वर्षे पर्यवेक्षक होतो. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. लहानपणापासून माझ्या मराठीचे कौतुक होई. लोक म्हणत, "तुम्ही मुसलमान आहात असं वाटतच नाही, किती शुद्ध बोलता!" हे ऐकून मी खूष होत असे. त्या कौतुकात एक डंख आहे, हे कळायला माझे निम्मे आयुष्य गेले. घरी आम्ही दखनी बोलायचो. बाहेर ती तोंडातून निसटू नये म्हणून मी जपत असे.

पर्यवेक्षक या नात्याने सगळ्या विषयांचे पाठ निरीक्षण माझ्याकडे असे. एके दिवशी सहावीच्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. शिकवणाऱ्या आपा नव्याने लागलेल्या होत्या. त्यांनी मुलांना विचारले, "घरी अम्मी आणखी एक रोटी वाढायला लागली आणि पोट भरलेलं असलं, तर काय म्हणता?" सगळा वर्ग ओरडला, "नक्को!" आपांनी फळ्यावर लिहिले : नको. मग विचारले, "दुकानात कौन जाता?" एक पोरगा उठून म्हणाला, "मैंच जातूं." त्यांनी लिहिले : मीच जातो. आणि मुलांना म्हणाल्या, "बघा, हा च तुमच्या घरातला आणि मराठीतला एकच आहे." वर्गात हशा, आरडाओरडा. जो तो घरातले शब्द काढून फळ्यावर लिहवून घेत होता.

मी शेरेबहीत लिहिले, "अध्यापनात प्रमाण मराठीचाच वापर करावा. बोलीतील अशुद्ध शब्दांना उत्तेजन देऊ नये. वर्गनियंत्रण अपुरे." आपांनी खाली सही केली. पुढल्या खेपेला गेलो तेव्हा वर्ग चिडीचूप होता. आपा धडा वाचत होत्या, मुले शब्दार्थ उतरवून घेत होती. टाचण वही नीटनेटकी होती. मी समाधानाचा शेरा दिला. निकालही चांगला लागत राहिला.

काही वर्षांनी त्या वर्गातला एक मुलगा भेटला. कॉलेजात शिकत होता. वडिलांबरोबर दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेला होता. रेशनकार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता, आपल्याकडे असतो तसा. कारकुनाने मराठीत कारण विचारले. मुलाला प्रश्न कळला, उत्तरही ठाऊक होते, पण शब्द फुटेना. शेवटी हातगाडीवर केळी विकणाऱ्या त्याच्या अब्बांनी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सगळा खुलासा केला आणि काम झाले. मुलगा मला म्हणाला, "सर, लिखने कू आता. बोलने कू मुं नै खुलता." पुढे तो जे म्हणाला ते मी विसरू शकलेलो नाही. आपा पहिल्या पहिल्यांदा शिकवायच्या तेव्हा वाटायचे की मराठी आपल्याला येतेच आहे. नंतर वाटायला लागले की ती दुसऱ्या कोणाची तरी आहे.

त्या वर्गात मी काय केले होते? शाळेचा कोणताही नियम मोडला नव्हता. माझा शेरा कोणत्याही साहेबाला पटला असता. पण दखनीची जी लाज मी लहानपणापासून बाळगली होती, ती अधिकाराच्या बळावर चाळीस मुलांच्या गळ्यात बांधली. ज्या दाराने ती मुले मराठीत शिरत होती तेच बंद केले. नको आणि च हे शब्द दखनीने मराठीकडूनच घेतले. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या माणसांची ती देवघेव आहे. त्याच शब्दांना मी मराठीच्या तासाला अशुद्ध ठरवले. मला प्रमाण मराठी येत होती, परंतु मूल त्या मराठीपर्यंत कोणत्या वाटेने येते याचे ज्ञान मला नव्हते. नसलेल्या ज्ञानाच्या आधारावर मी निवाडा दिला. नैतिक प्रश्न इथे आहे. जे आपल्याला कळत नाही त्याच्यावर देखरेख करण्याचा अधिकार माणसाला असतो का?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा पुष्कळ विचार झाला आहे. मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारातली वजने-मापे, अन्नातली भेसळ, कारागिरांचे काम यांवर त्याची नजर असे. इब्ने खल्दूनने १३७७ साली मुकद्दिमा लिहिला. त्यात मुहतसिबाची कामे सांगताना मुलांना बेताबाहेर मारणाऱ्या शिक्षकांना आवरणे हेही एक काम सांगितले आहे. म्हणजे मदरशातली निगराणी मुळात मुलाच्या बाजूने होती. बाराव्या शतकातल्या शैजरीने या खात्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात एक मोठी समजूतदार गोष्ट आहे. मुहतसिबाला प्रत्येक धंद्यातले बारकावे कळणे शक्य नाही, म्हणून त्याने प्रत्येक धंद्यातला एक जाणकार आणि इमानदार माणूस निवडावा आणि त्याच्या मदतीने काम करावे. या माणसाला आरिफ म्हणत. आपल्याला कळत नाही हे कबूल करणे अधिकाऱ्याला कमीपणाचे वाटत नसे. ती त्याच्या कामाची रीत होती.

त्याआधी इमाम गझाली यांनी इह्यामध्ये दुसऱ्याला टोकणाऱ्याच्या अंगी तीन गोष्टी असाव्यात असे म्हटले आहे : इल्म, परहेजगारी आणि चांगला स्वभाव. पहिली अट इल्मची आहे. ज्या गोष्टीबद्दल टोकायचे ती आधी आपल्याला ठाऊक हवी. माझ्या शेऱ्याला ही कसोटी लावली तर तो पहिल्याच अटीवर गळतो.

आणि भाषा कशी येते याबद्दल इब्ने खल्दूनचे म्हणणे तर आजच्या बी.एड.च्या वर्गातही वाचावे असे आहे. भाषा हा अंगवळणी पडणारा गुण आहे, तो ऐकून आणि पुन्हापुन्हा बोलून येतो, आणि व्याकरणाचे नियम पाठ असणारा माणूस ती भाषा बोलेलच असे नाही, असे त्याने सविस्तर मांडले आहे. मुलांशी कठोर वागल्याने ती खोटेपणा आणि आळस शिकतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आपा जे करत होत्या ते याच वाटेवरचे होते.

आज आपण जिला तपासणी म्हणतो ती मात्र दुसऱ्या घराण्यातली आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर इथे प्रांतोप्रांती शिक्षणखाती उभी राहिली आणि इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर शाळांतून फिरू लागले. इंग्लंडात १८६२ साली एक नियमावली आली. इन्स्पेक्टरने एकेका मुलाचे वाचन, लेखन आणि अंकगणित तपासायचे आणि जितकी मुले पास होतील त्या मानाने शाळेला अनुदान द्यायचे. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी तेव्हा शाळा तपासनीस होता. या पद्धतीने शिकवणे यंत्रासारखे होते, असे तो सांगत राहिला. ते खरेच होते. तपासणी ज्याची होते त्याचीच तयारी होते. मुले बोलतात का, हे माझ्या शेरेबहीत कुठे विचारलेच नव्हते, म्हणून मुले बोलेनाशी झाली तरी निकालात काही कमी पडले नाही.

पण याच खात्यात डेप्युटी नजीर अहमद यांच्यासारखी माणसेही होऊन गेली. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले. त्याआधी ते शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर होते. मुलींच्या हातात देण्यासारखे पुस्तक दिसेना, म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या मुलींसाठी मिरातुल उरूस लिहायला घेतले. १८६९ मध्ये ते छापले गेले आणि सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. या पुस्तकाची खरी कमाई त्याच्या भाषेत आहे. दिल्लीच्या घराघरांत बायका बोलत ती बोली त्यांनी पुस्तकात आणली. शाळा तपासणाऱ्या माणसाने घरातली जबान कमी लेखली नाही. उणीव दिसली तेव्हा त्यांनी शेरा मारला नाही, स्वतः लेखणी हातात घेतली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलांना दखनीतच ठेवायचे का? स्पर्धा परीक्षा, कचेऱ्या, कोर्ट यांची मराठी त्यांना नको का? हवी, आणि उत्तम हवी. प्रमाण मराठीपासून मुलाला दूर ठेवणे हाही अन्यायच आहे. परंतु तिथे पोचवणे वेगळे आणि तिथूनच चालायला सांगणे वेगळे. उर्दू वाचणारे मूल उजवीकडून डावीकडे वाचत असते. मराठीत त्याला डावीकडून उजवीकडे यावे लागते. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. वर ळ आहे, आणि चमचा आणि चहा यांतले वेगवेगळे च आहेत. एवढे अंतर तोडणाऱ्या मुलाला ओळखीचे चार शब्द सोबतीला मिळाले तर बिघडते काय?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. उर्दू जाणणारे अधिकारी आणायचे कुठून? उर्दूचे एक अक्षरही न वाचता येणारे साहेब उर्दूच्या तासाला बसलेले मी पाहिले आहेत. ते हजेरी पाहतात, टाचण वही पाहतात, भिंतीवरचे तक्ते पाहतात आणि सही करून जातात. मला त्यांचा राग येत नाही, त्यांची अडचण समजते. पण आरिफची वाट त्यांनाही मोकळी आहे. शेजारच्या शाळेतला एखादा जुना, जाणता उर्दू शिक्षक सोबत घ्यावा. शेरा लिहिण्याआधी शिक्षकाला विचारावे, तुम्ही असे का केलेत? मी आपांना हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

बोट फक्त सरकारकडे दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. चालवण्याचा हक्क म्हणजे जबाबदारीच. आपल्या किती संस्थांत भाषेचा शिक्षक पारखून घेतला जातो? ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्याकडे मराठी सोपवायची, ही रीत मी स्वतः वेळापत्रक बनवताना पाळली आहे. संस्थेच्या सभांमध्ये इमारतीच्या मजल्यांवर तासभर चर्चा होते. मराठीच्या तासाला काय चालते, हे मी पर्यवेक्षक असताना एकाही विश्वस्ताने मला विचारले नाही. आणि मग मुले मुलाखतीत मागे पडली की आपण पक्षपाताची तक्रार करतो. पक्षपात नसतो असे नाही. पण आपल्या हातातले जे होते त्याचा हिशेब आधी आपण द्यायचा आहे.

कुरआनने भाषांच्या आणि रंगांच्या वेगळेपणाला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. सूरह रूममधली ती आयत आपण जलशांत अभिमानाने ऐकवतो. भाषा ही निशाणी असेल तर ती मुलापर्यंत पोचवणारा वर्ग ही अमानत आहे आणि त्या वर्गाचा निगराण हा त्या अमानतीचा राखणदार. राखणदाराला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाणार, ही गोष्ट आपण सगळे मानतो. तिथे शेरेबही दाखवून चालणार नाही.

निवृत्त झाल्यावर मी आपांना भेटायला गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, तुमचा शेरा चुकीचा आहे हे मला त्याच दिवशी कळत होतं." मी विचारले, "मग सही का केलीत?" त्या हसल्या. "माझ्या गोपनीय अहवालासाठी मत तुमचंच जायचं ना!"

हे मला आधीच समजायला हवे होते. ज्याच्यासमोर खरे बोलायची शिक्षकाला भीती वाटते, त्याला वर्गातले खरे कधीच दिसत नाही. त्याच्यासाठी वर्ग चिडीचूप बसतो आणि तो त्याला शिस्त समजतो.

आपा आता दुसऱ्या गावी शिकवतात. फळ्यावर नको पुन्हा लिहितात का, असे मी विचारले. लिहिते, म्हणाल्या. दार लावून घेते एवढेच. आपल्या भाषेच्या वर्गांची ही दारे शिक्षकांना निर्धास्तपणे उघडी ठेवता यावीत, एवढी तरी निगराणी आपल्या शाळांना लाभो.