परका रस्ता, ओळखीची आज्ञा

अज्ञानाने घडलेल्या चुकीचा दोष माथी येतो काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही या प्रश्नाचे उत्तर पाठ केले होते. त्याचा अर्थ उमगला तो मात्र काही वर्षांपूर्वी, रोममधील एका गल्लीच्या तोंडाशी.

असिसीची यात्रा आटोपून धर्मग्रामातील एका कुटुंबासह आम्ही भाड्याच्या मोटारीने रोमला परतत होतो. चाक आमच्या हाती होते. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायची, चौकात फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, एवढे कसेबसे अंगवळणी पडले होते. इटलीतील अनेक शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी परवान्याविना वाहन नेण्यास मनाई असते, आणि वेशीवर कॅमेरे पहारा देतात. तेथील दिव्यांच्या पाटीवर ‘वार्को आत्तीव्हो’ अशी अक्षरे झळकत होती. ‘वार्को’ म्हणजे प्रवेशमार्ग. तेव्हा मार्ग खुला आहे असे समजून आम्ही आत शिरलो. अर्थ नेमका उलट होता: पहारा चालू आहे, आत येऊ नका!

थोड्याच अंतरावर पोलिसाने थांबवले. ‘आम्ही परके, यात्रेकरू’ हे शब्द जिभेवर तयारच होते. तेवढ्यात शेजारून कुजबुज आली, “फादर, कागदपत्रांत एक नोट सरकवू का?” मागे बसलेली मुले कान देऊन ऐकत होती.

जाहीर न झालेला कायदा बंधनकारक नसतो, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. इटलीच्या घटना न्यायालयानेही १९८८ साली, फौजदारी कायद्यापुरते, टाळता न येण्याजोगे अज्ञान क्षम्य मानले. पण आमचे अज्ञान तसे होते काय? यात्रेपूर्वी आम्ही महामंदिरांचा इतिहास वाचला, मुक्कामाची चौकशी केली. रस्त्यावरील पाट्यांचा अर्थ मात्र कोणाला विचारला नाही. शुभवर्तमानातील धन्याची इच्छा न जाणणाऱ्या सेवकालाही थोडे फटके बसतातच. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या; त्यांतील पहिली आज्ञा हत्या न करण्याची आहे. चाक हाती घेणाऱ्याने नियम जाणून घेणे हा शेजारप्रीतीचाच भाग होय.

तरीही तो दोष लहान होता. मोठा दोष त्या नोटेत दबा धरून होता. पाटीची भाषा आम्हांला परकी होती. लाच देऊ नये ही आज्ञा मात्र कोणत्याच देशात परकी नव्हती. तेथे अज्ञानाची सबब चालणार नव्हती.

आम्ही मानेनेच नकार दिला. पोलिसाने शांतपणे दंडाची पावती लिहिली. ५ दिवसांत रक्कम भरल्यास ३० टक्के सूट मिळते, हेही त्यानेच सांगितले. आम्ही दुसऱ्याच दिवशी दंड भरला.

परदेशी निघताना आपण पासपोर्ट दहादा तपासतो. घरच्या रस्त्यावर जडलेल्या सवयीही सामानाबरोबर सीमा ओलांडतात. त्या तपासायला कोणी अधिकारी बसलेला नसतो. ते काम आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे आहे, आणि ते घर सोडण्यापूर्वीच झालेले बरे.