नियम, भिडू आणि संमति

घरी पत्ते कुटावयास बसलेली चार माणसे पाने वाटण्यापूर्वीच नियम ठरवून घेतात. डाव अर्ध्यावर आला असता त्यांतील एकाने नियम बदलू म्हटले, तर बाकीचे तिघे पाने खाली टाकून उठतील. खेळाच्या नियमांस अधिकार येतो तो संमतीने, हे तत्त्व एवढ्या लहान मंडळात कोणास समजावून सांगावे लागत नाही. परंतु भिडू चारांचे असंख्य झाले, म्हणजे संमति कोणाची व कशी घ्यावयाची, असा प्रश्न उभा राहतो. तो केवळ करमणुकीचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

ह्याचे एक अलीकडील उदाहरण विचार करण्याजोगे आहे. ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली काढला. त्यात प्रत्येक खेळाडू पाने विकत घेऊन आपला जोड आपणच जुळवितो. त्याचा ‘कमांडर’ नावाचा शंभर पानांचा प्रकार मात्र कंपनीने नव्हे, हौशी खेळाडूंनी रूढ केला. आणि कोणते पान वर्ज्य, हे अनेक वर्षे खेळाडूंचीच एक स्वयंसेवी समिति ठरवीत असे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तिने चार पाने वर्ज्य ठरविली. त्यांतील ‘मॅना क्रिप्ट’ हे शंभर डॉलरांहूनही महाग होते. अशा पानांमुळे आरंभीच एकाची सरशी होऊन इतरांचा डाव रंगत नाही, हे समितीचे म्हणणे. परंतु पूर्वसूचना नव्हती. संताप उसळला, सभासदांना धमक्या आल्या, आणि ३० सप्टेंबरला समितीने आपला अधिकार पाने विकणाऱ्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीच्याच हाती सोपविला.

समितीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आगाऊ वाच्यता झाली असती, तर ज्याच्या कानी ती प्रथम पडली त्याने आपली पाने एखाद्या अजाण माणसाच्या गळ्यात बांधली असती. शिवाय महाग पान बाळगणारा त्या पानाविषयी निवाडा करू लागला, म्हणजे वादीच न्यायासनावर बसल्यासारखे होते. उलट, ज्यास ते पान कधी घेता आले नाही व जो त्यापायी निमूटपणे हरत आला, तो तक्रार करीत नाही. कंटाळून खेळ सोडतो. मते मोजावयाची म्हटली, तर ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच मोजली जातात.

तथापि एवढ्याने भिडूंना न विचारण्याचे समर्थन होत नाही. कोणते पान केव्हा वर्ज्य व्हावयाचे, हे गुप्त ठेवणे इष्ट असेल. कोणत्या कसोटीने, हे गुप्त असण्याचे कारण नाही. समितीने आपली तत्त्वे प्रसिद्ध केली होती, तिला खेळाडूंचे एक सल्लागार मंडळही होते. पण यादीत काही वर्षे जवळजवळ बदलच न झाल्यामुळे ती तत्त्वे कधी अंमलात येतील, ही कल्पनाच लोकांच्या मनातून गेली होती. डाव किती वेगाने संपावा, पैशाच्या जोरावर कितपत जिंकता यावे, ह्यांविषयी वेळोवेळी उघड विचारविनिमय होत राहिला, तर पुढील निर्णय अप्रिय झाला तरी अकल्पित होत नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने जोडांच्या पाच श्रेणींची योजना कच्च्या स्वरूपात मांडून खेळाडूंचे अभिप्राय मागविले. हा मार्ग आम्हांस योग्य दिसतो. तो विक्रेत्याने दाखवावा, एवढेच खटकते.

आपले ऐकून घ्यावे हा हक्क ज्यास हवा, त्याने दुसऱ्याचे ऐकण्याचे बंधनही पत्करले पाहिजे. धमक्या देणाऱ्यांनी समितीची चूक सिद्ध केली नाही. आपल्याच बरोबरीच्या माणसांनी विनावेतन चालविलेला कारभार मात्र सर्वांच्या हातून घालविला. मनाविरुद्ध झालेला निर्णयही सोसता यावा, ह्यासाठीच माणसास आधी विचारावयाचे असते. जो तो सोसावयास मुळीच तयार नाही, त्यास विचारून तरी काय उपयोग?