शोभेची केळ आणि माव्याचा जीव

बंगल्याच्या फाटकाशी हौसेने लावलेली शोभेची केळ खुरटली की घरमालक आधी खताची पिशवी आणतो, मग रोपवाटिकेत फोन करतो आणि शेवटी फवारणीचा पंप उचलतो. पोंग्याशी आणि पानांच्या बेचक्यांत काळपट मावा चिकटलेला असतो, त्याच्याभोवती मुंग्यांची ये-जा चालू असते. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पंप मारताना क्वचितच कुणाला प्रश्न पडतो: पोट भरण्यासाठी नव्हे, केवळ डोळ्यांना बरं वाटावं म्हणून लावलेल्या झाडापायी एवढे जीव घेण्याचा अधिकार आला कुठून?

शेतकऱ्यापुरतं उत्तर परंपरेने फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सुनावतो, की नांगर चालवताना जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्यातही जीव असतो, तेव्हा संपूर्ण अहिंसक कुणीच नाही. मनुस्मृती तर चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांनाच घरातले पाच कत्तलखाने ठरवते आणि त्यावर पंचमहायज्ञांचा उतारा सांगते. तुकोबांचा बाणा आणखी रोखठोक. विंचू देव्हाऱ्यावर चढला तर त्याची गाठ पायताणाशी.

पण शेत, स्वयंपाकघर, देव्हारा या सगळ्या गरजेच्या जागा झाल्या. गुलाबी फुलोऱ्याची म्युसा ऑर्नाटा ही शोभेची केळ यांपैकी कशातच बसत नाही.

इथे जैन विचार अधिक बारकाईने उपयोगी पडतो. गृहस्थाच्या हिंसेचे तो चार भाग करतो: घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, बचावासाठीची विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. चौथी मात्र त्याने सोडायचीच. केळीच्या मळ्यातली फवारणी उद्योगी म्हणता येईल. फाटकाजवळच्या केळीवरची फवारणी कोणत्या खात्यात टाकायची? शिवाय जैन जीवविचारात झाड एकेंद्रिय, गांडूळ द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय आणि माशी चतुरिंद्रिय. मावा यांतल्या कुठल्याही पायरीवर बसवला तरी केळीच्या वरच येतो. म्हणजे केळ वाचवण्यासाठी मावा मारणं हा या हिशेबाने उलटा व्यवहार ठरतो. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, मात्र भिक्षूने जाणूनबुजून प्राणी मारला काय किंवा झाड तोडलं काय, दोन्ही अपराध पाचित्तिय, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, एकाच वर्गातले. (सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायला धडधाकट केळीचे खुंट तोडताना मात्र आपल्याकडे कुणाचाही हात अडखळत नाही.)

तरीही ‘मावा बिचारा जगू दे’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. खुरटण्याचं कारण काय, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पुष्कळदा कारण साधं असतं: कुंडी लहान, पाणी तुंबलेलं, मुळं गुदमरलेली. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी कवदर ही रानकेळ तर उन्हाळ्यापूर्वी पानं टाकून नुसता फुगीर बुंधा उरवते आणि पावसात पुन्हा फुटते. हौसेने आणलेली कवदर डिसेंबरनंतर मलूल दिसली म्हणून तिच्यावर औषध मारणं हा निव्वळ अडाणीपणा. कधी कंदात सोंडकिडा शिरलेला असतो, कधी मुळांना सूत्रकृमी लागलेले असतात. कारण न शोधता जीव घेणं ही यातली सर्वांत मोठी चूक, आणि ती पंपवाल्यांच्या हातून रोज होते.

पर्णगुच्छ रोगाची गोष्ट वेगळी. नवी पानं अरुंद, ताठ होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा उमटतात. हा विषाणूजन्य रोग माव्यामार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. 1920च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. तिथल्या मॅगी या संशोधकाने माव्याचा दोष सिद्ध केला आणि रोगट झाडं सक्तीने नष्ट करण्याच्या कायद्याने पुढे धंदा सावरला. भारतात हा रोग 1940च्या सुमारास केरळात आला. तमिळनाडूच्या पळणी डोंगरातली विरुपाक्षी केळी त्याच्या तडाख्यात सापडली. पळणीच्या मुरुगन मंदिरातलं पंचामृत परंपरेने याच केळ्यांचं; त्याला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका माव्याची पोच थेट देवाच्या नैवेद्यापर्यंत.

एकाचा रोग इतरांच्या जिवावर उठतो तेव्हा काय करावं, हा पेच जुनाच आहे. 1926 मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्यांची बाजू घेतली आणि अहिंसावाद्यांचा रोष ओढवून घेतला. पिसाळलेलं कुत्रं मोकाट सोडणं ही गांधीजींच्या लेखी दया नव्हती. पर्णगुच्छ लागलेल्या शोभेच्या केळीलाही हाच न्याय लावायला हवा. तिच्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याचा मळा जाऊ शकतो. म्हणून मरायचं कुणी, याचं उत्तर इथे आधी ‘केळ’ असंच असलं पाहिजे. पण झाड नुसतं तोडलं तर मावा उडून दुसऱ्या केळीवर बसतो, त्यामुळे तोडण्याआधी तो मारावाच लागतो. ही हिंसा विरोधी खात्यातली, आणि ती मान्य करून करावी. बाकी वेळी साध्या माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, आणि झाड थोडं कुरूप दिसलं तर दिसू द्यावं.

शेजाऱ्याला हौसेने केळीचा मुनवा देण्यापूर्वी मुनव्याच्या मूळ झाडाच्या पानांचं देठ उजेडात नीट पाहा. शंका आली तर देऊ नका. कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला फोटो न्या, पान नेऊ नका. पानाबरोबर मावाही प्रवास करतो.