पोट भरले, ऋण फिटले काय?

पुण्याहून पौडच्या वाटेने जाणारा प्रवासी पिरंगुट मागे टाकून कासार आंबोलीस पोहोचतो, तेव्हा भाताची खाचरे आणि कारखान्यांची छपरे त्याच्या दृष्टीस एकदमच पडतात. पाळी सुटली की रस्त्याकडेच्या टपरीपाशी गावोगावाहून आलेल्या मजुरांची गर्दी होते. चहा, बिस्किटे, वडापाव. थोड्या पैशांत पोट भरते. यात आक्षेप घेण्यासारखे ते काय, असे मलाही बरीच वर्षे वाटत असे.

याच वाटेने पुढे मुळशीचा जलाशय लागतो. टाटा कंपनीच्या त्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. अखेर गावे बुडाली, भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईस वीज मिळाली, आणि माणसे उठून गेली. देशाची सीमा ओलांडणाऱ्यासच १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार निर्वासित म्हणतो. धरणाने उठविलेल्यास ते नाव मिळत नाही. परंतु पोटास व्याख्या कळत नाही.

मोबदला ठरविताना जमीन मोजली जाते. बांधावरची पालेभाजी, ओढ्यातले मासे, दारची म्हैस, डोंगरउतारावरची नाचणी यांची मोजदाद कोण करणार? ज्याच्या नावे जमीनच नाही, त्या कुळाच्या हाती तर पैसाही फारसा पडत नाही. मग परक्या गावी जे स्वस्त आणि तयार मिळेल, तेच त्याचे अन्न होते.

त्याचा परिणाम वैद्यकशास्त्र आज सांगू शकते. जखम झाली असता होणारा दाह उपकारक असतो; तो काम आटोपून शमतो. परंतु दुसरा एक मंद दाह असतो, तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. आतड्यातील सूक्ष्म जीव धान्य-भाज्यांतील तंतूंपासून जी आम्ले तयार करतात, ती दाहास आवर घालतात. कोंडा काढलेले पीठ, साखर आणि तळण यांवरच गुजराण झाली की हा आवर सुटतो. पोटाभोवती चरबी साठली तर दाह वाढतो. चिंता आणि अपुरी झोप त्यात भर घालतात. रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेले दिसते, आणि मधुमेह व हृद्रोग यांची वाट मोकळी होते. धुमसणाऱ्या माणसास मात्र त्याची जाणीवही नसते.

यावर कोणी म्हणेल, "श्रीमंतही तळलेले खातात, जिभेचा दोष समाजाच्या माथी कशास?" आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु श्रीमंताने वडा खाल्ला तर ती त्याची निवड असते. ज्याच्यापुढे दुसरे काही नाही, त्याच्या बाबतीत निवड हा शब्द वापरणे म्हणजे त्याची थट्टा होय. जुने मावळ सुवर्णयुगात होते, असेही मी म्हणत नाही. आंबेमोहोर पिकविणाऱ्याच्या ताटात बहुधा नाचणी किंवा वरईच असे, आणि पावसाळ्यात तीही पुरत नसे. हीच नाचणी आज शहरात पथ्याचे अन्न म्हणून चढ्या भावाने विकली जाते, हा दैवदुर्विलास आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सामान्य लाभार्थी कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य देण्याचे ठरविले. २०२३ पासून ते मोफत मिळते. उपासमार हा पहिला शत्रू आहे, म्हणून ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु केवळ तांदूळ-गव्हाने माणूस जगतो. निरोगी राहतोच असे नाही. डाळ, भाजी, दूध ही चैन नसून ज्याचे शेत आपण घेतले त्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपण दान आणि ऋण यांत गल्लत करतो. दानात देणाऱ्याने माप ठरवावे. ऋणात मात्र घेतलेल्या वस्तूचे माप पाहावे लागते. मावळाकडून आपण केवळ जमीन घेतली नाही, एक संपूर्ण ताट घेतले. कारखान्याच्या उपाहारगृहात वाटीभर उसळ असावी, रेशनच्या दुकानात गव्हाशेजारी डाळ व नाचणी असावी, ही मागणी त्या मानाने फारच लहान आहे. सायंकाळी दिवा लावताना सुशिक्षित घरांनी निदान इतके तरी आठवावे.