सुट्या भागांचा अन्वय

कमी खर्चात गेमिंगसाठी संगणक असेंबल करताना प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे, पुष्कळदा निरनिराळ्या दुकानांतून घेतले जातात. ते एकमेकांशी जुळतात असे म्हणताना हे जुळणे नेमके कुठे असते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. प्रोसेसर कितीही निरखला तरी त्यात जुळणे सापडत नाही, मदरबोर्डातही नाही. दोन्ही समोरासमोर आल्याशिवाय त्याबद्दल काही बोलताच येत नाही.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाची बारीक छाननी झाली ती शब्दांच्या निमित्ताने. सुटे शब्द एकत्र आले की त्यांचे वाक्य कशामुळे होते? सतराव्या शतकातील नैयायिक अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी तीन कारणे येतात. त्याच शतकातला विश्वनाथ पंचानन ‘भाषापरिच्छेदा’त तात्पर्यही त्यांच्या जोडीला बसवतो.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती नामे ओळीने उच्चारली तर वाक्य होत नाही, कारण त्यांतले कोणीच कोणाची वाट पाहत नसते. इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर अशी वाट पाहणारा आहे. त्याच्यात अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. रायझन ५ ५६००जी मध्ये ते आहे, म्हणून हात आखडता असलेला ग्राहक आधी तो घेतो आणि कार्ड पुढच्या वर्षावर ढकलतो.

खरी गुंतागुंत योग्यतेत आहे. आगीने शिंपडणे या शब्दांत परस्परांची गरज आहे, पण अर्थ एकमेकांना बाधतात, म्हणून वाक्य फसते. नैयायिकांनी योग्यतेची व्याख्या अर्थाचा बाध नसणे अशी केली. म्हणजे योग्यता हा भागाला चिकटलेला गुण नाही, अडथळ्याचा अभाव आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमला सारख्याच २८८ पिना असतात, फक्त खाच वेगळ्या जागी असते, आणि तेवढ्याने एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला खाली १,३३१ पिना आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये १,७१८ स्पर्शबिंदू आहेत आणि पिना सॉकेटात गेल्या आहेत. हे बाध डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी. २०१८ च्या बी४५० बोर्डात नोव्हेंबर २०२० नंतरचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर अगदी बिनबोभाट बसतो, पण बायोस जुनी असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही आणि संगणक सुरू होत नाही. हातांना पटलेली योग्यता अशी खोटी ठरू शकते. अशा वेळी बोर्ड विकणाऱ्याकडून बायोस अद्ययावत करून घेणे हाच सोपा मार्ग.

शास्त्रात योग्यता असते किंवा नसते. यंत्रात मात्र ती अर्धवटही असते, आणि इथे जुनी चौकट अपुरी पडते हे मान्य करायला हवे. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ४ लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर तेवढ्या लेन पुरतात. तिसऱ्या पिढीवर वाट निम्मी होते, आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. ५६००जी तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे. म्हणजे आज ५६००जी आणि उद्या हे कार्ड, हा काटकसरीचा वाटणारा बेत जुळूनही न जुळणारा आहे.

संनिधी म्हणजे पदे विलंबाविना उच्चारली जाणे. सकाळी एक शब्द आणि दुपारी दुसरा बोलला तर ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. भागांसाठी नांदेडचा ग्राहक सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरकडे, लातूरचा पुण्याकडे पाहतो, किंवा दोघेही ऑनलाइन मागवतात. पैसे साठतील तसे भाग घेत गेले की दिवाळीतला प्रोसेसर मेमध्ये पहिल्यांदा बोर्डावर चढतो. तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते आणि दोष कुणाचा हेही कळत नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस निदान एका आठवड्यात हाती यावेत.

तात्पर्य सर्वांत अवघड, कारण ते बोलणाऱ्याच्या मनात असते. सैंधव आणायला सांगितले तर जेवताना मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना घोडा, हे शास्त्रातले ठरलेले उदाहरण. लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरात संगणक पुष्कळदा अभ्यासाच्या नावाने घरात येतो, त्यामुळे दुकानदाराला सांगितलेला हेतू एक आणि खरा दुसरा. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर व्हॅलोरंट चालवायचे असेल तर साधे कार्डही उरून पुरते. सायबरपंक २०७७ सारख्या खेळाला बजेटचा मोठा वाटा कार्डावरच घालावा लागतो. हेतू न सांगता सर्वांत चांगला भाग कोणता असे विचारणे म्हणूनच निरर्थक आहे.

भागांच्या यादीत न येणाऱ्या गोष्टीही बाध निर्माण करतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून जाळीदार तोंडाचे कॅबिनेट इथे चैन ठरत नाही. घरगुती इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नसेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस त्यावर नीट चालत नाहीत.

हे सारे जुळल्यावर जे उभे राहते ते एक आहे की अनेक, यावर बौद्ध आणि नैयायिकांचे एकमत नाही. ‘मिलिंदप्रश्ना’तील नागसेनाच्या मते रथ हे चाके, आस वगैरेंच्या आधाराने चालणारे नाव आहे, त्यांहून निराळा रथ सापडत नाही. न्याय-वैशेषिक मतात अवयवी, म्हणजे भागांची मिळून बनलेली वस्तू, ही अवयवांहून वेगळी, त्यांच्यात समवाय या नित्य संबंधाने राहणारी आहे. खेळातली दर सेकंदाची फ्रेमसंख्या कोणत्याही एका भागाची म्हणता येत नाही, हे नैयायिकांच्या बाजूचे. भाग काढून ठेवले की मागे संगणक म्हणून काही उरत नाही, हे नागसेनाच्या. नैयायिकांना एक किंमत मोजावी लागते: अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो असे मानावे लागते. मग रॅमची एक पट्टी वाढवली तरी संगणक दुसरा.

विंडोजचा परवाना यांपैकी कोणतेच मत पूर्णपणे पाळत नाही. रॅम वाढवली तर तो हरकत घेत नाही, मदरबोर्ड बदलला तर मात्र बहुधा पुन्हा सक्रिय करावा लागतो. बी४५० बोर्डावरचा जुना प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसवणारा त्यामुळे आपलाच संगणक वापरत राहतो. एएम५ कडे जाणाऱ्याला बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतात, आणि कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी जुनेच राहिले तरी परवान्याच्या लेखी त्याच्यासमोर दुसरा संगणक असतो.