बाजारात घडलेला टोन

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात शिरलं की आधी नुसता गोंगाट कानावर आदळतो. टेम्पोचे हॉर्न, हातगाड्यांची खडखड, गोण्या टाकल्याचे धप्प आवाज. कान रुळले की त्यातून माणसं वेगळी होऊ लागतात: भाव पुकारणारा आडत्या, पाठीवर ओझं घेऊन वाट मागणारा हमाल. स्पष्ट ऐकू येतो तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा असतोच असं नाही. मधल्या पट्टीतला भरीव आवाज गर्दीतून पार जातो.

शिकागोची मॅक्सवेल स्ट्रीट हाही असाच भरगच्च बाजार होता. १९४० नंतर मिसिसिपीकडून आलेले कृष्णवर्णीय ब्लूज वादक तिथे उघड्यावर वाजवत, शेजारच्या घरातून लांब वायर ओढून वीज घेत. साधी गिटार त्या कोलाहलात पोचायची नाही, म्हणून विजेची गिटार. अँप्लिफायर लहान, म्हणून त्याचा आवाज पार वर नेलेला. व्हॉल्व्हवर असा ताण आला की स्वराची धार बोथट होते, त्यात बारीक खरखर मिसळते आणि ऊब येते. आज महागडी यंत्रं घेऊन आपण ज्या टोनच्या मागे लागतो, तो घडवण्यात या बाजाराच्या गरजेचा मोठा वाटा आहे. रॉबर्ट नाइटहॉकचं १९६४ मध्ये त्याच रस्त्यावर झालेलं ध्वनिमुद्रण जरूर ऐकावं. गर्दीसकट ऐकावं.

म्हणून मला मनापासून वाटतं, ब्लूजचा टोन बंद खोलीत एकट्यानं कायमचा ठरवू नये. आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. मग आपण घरी बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिडल उतरवतो आणि खूश होतो. तोच टोन मंचावर गेला की खालचा भाग बेस गिटार आणि ड्रममध्ये बुडतो, वरचा झांजांमध्ये विरतो. वादकाची बोटं हलताना दिसतात, गिटार ऐकूच येत नाही. तिथे मिडल हवा, घरच्यापेक्षा बेस कमी हवा. पिकअप शक्यतो मानेकडचा. गेन एवढाच, की हलक्या हाताला स्वर स्वच्छ यावा आणि जोरात छेडल्यावर गुरगुरावा. बाकीचं काम गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणाचं: साथीला थोडं खाली, आपली पाळी आली की पूर्ण वर. बी. बी. किंग गात असताना गिटार वाजवत नसत. ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची. गळ्याला जागा सोडणं हाही टोनचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा.

२०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवायला आले होते. भर गाण्यात आवाज एकदम कुजबुजीवर आणायचा आणि पुन्हा उसळवायचा, ही त्यांची खासियत. पण आवाज ऐन मंचावरच घडवायचा असतो, हे शिकायला पुणेकराला वांद्र्यापर्यंत जायला नको. मार्केट यार्डाला लागूनच असलेल्या मुकुंदनगरात सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव पडतो. तिथे आत जुळवून आणलेले तानपुरे गायक मंचावर बसल्यावर पुन्हा लावून घेतात, आणि हजारोंचा समुदाय तेवढा वेळ शांतपणे थांबतो.

गिटारवाल्यांनीही तेवढा वेळ मागून घ्यावा. अँप्लिफायर जमिनीवर असेल तर त्याचा तिखटपणा सरळ पुढे जातो, समोरच्या रांगेला बोचतो, आणि वर उभ्या वादकाला मात्र आवाज बोदा वाटतो. तो खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा. शिवाय साउंडचेक होतो तेव्हा सभागृह रिकामं असतं. माणसं येऊन बसली की त्यांची अंगं आणि कपडे वरचे स्वर शोषून घेतात. तेव्हा पहिलं गाणं संपल्यावर ट्रेबलच्या बटणाकडे एकदा पुन्हा हात जायलाच हवा.