खाजगी तळे आणि प्रभूचे सरोवर

शास्त्रवाचन : लूक ५:१-११



काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी मुलीकडे अमेरिकेस गेलो होतो. जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या बाहेर, ज्या वसाहतीत तिचे घर आहे त्या वसाहतीच्या मालकीची दोन तळी आहेत. भोवती झाडी, कडेने पायवाट आणि काठावर एक पाटी : मासेमारी केवळ रहिवाशांसाठी व त्यांच्यासोबत आलेल्या पाहुण्यांसाठी. तळ्याची निगा राखण्यासाठी प्रत्येक घर वर्गणी देते. पाण्यात मासे सोडणे, शेवाळ आवरणे, बांध दुरुस्त ठेवणे, ही सर्व कामे रहिवाशांचा संघ पाहतो. ज्यांनी खर्च करावा त्यांनीच उपभोग घ्यावा, हा नियम व्यवहारात अन्यायाचा म्हणता येणार नाही. त्या नियमाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या काठावर माझ्या हातून जे घडले, ते सांगण्यासाठी लिहीत आहे.

त्या तळ्यांत बास नावाचा मासा असतो. त्याचे तोंड मोठे असते, म्हणून तेथील लोक त्याला 'लार्जमाउथ' असे म्हणतात. जॉर्जियाचा तो राज्यमत्स्य आहे. वसंतात पाणी उबदार होऊ लागले की नर उथळ पाण्यात येतो, शेपटीने तळ झाडून खळगा करतो आणि मादीने अंडी घातल्यावर स्वतः त्यांची राखण करतो. पिले बाहेर आल्यावरही काही दिवस तो त्यांच्याजवळून हलत नाही. माझे जावई हौशी मासेमार आहेत. रोज संध्याकाळी ते गळाची काठी घेऊन निघत आणि मी लूककृत शुभवर्तमानाच्या एका मसुद्याची वही घेऊन त्यांच्यामागे जात असे.

तो मसुदा आपल्याकडील डोंगराळ भागातील एका बोलीचा होता आणि पाचव्या अध्यायात आमचे काम अडले होते. आमच्यासोबत काम करणाऱ्या त्या बोलीच्या भाषकाने विचारले होते, "साहेब, मासा पकडला की तो मरतो. मग माणसे पकडणे ही चांगली गोष्ट कशी?" त्याच्या बोलीत माणसाला दोघेच पकडतात : पोलीस आणि भूत. प्रभूने पेत्राला दिलेले पाचारण त्या शब्दांत उतरवले, तर ऐकणारा रानात पळून जाईल, असे तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो. पण प्रश्न खरा होता.

मत्तय आणि मार्क या प्रसंगी माणसांचे 'कोळी' या अर्थाचा शब्द योजतात. लूक मात्र वेगळे क्रियापद वापरतो : 'झोग्रेओ'. त्यात दोन शब्द जोडलेले आहेत, 'जिवंत' आणि 'पकडणे'. जिवंत धरणे, जीव राखून धरणे, असा त्याचा अर्थ. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द राहाबेच्या वृत्तांतात येतो. यरीहो पडले तेव्हा यहोशवाने तिला व तिच्या घराण्याला जिवंत राखले, असे सांगताना त्या भाषांतरकारांनी हे क्रियापद वापरले (यहोशवा ६:२५). पेत्राची आजवरची मासेमारी माशाला जीवनातून मरणाकडे नेत होती. प्रभू त्याला उलट दिशेचे काम देत आहे : माणसांना मरणातून जीवनाकडे आणण्याचे.

ही टिपणे मी त्या तळ्याकाठी बसून लिहीत होतो.

एका संध्याकाळी जावई काही आणण्यासाठी घरी परतले आणि काठी माझ्या हाती राहिली. नेमका त्याच वेळी गळाला मासा लागला. माझी तारांबळ उडालेली पाहून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा धावत आला. त्याचे वडील वसाहतीत गवत कापण्याच्या कामावर आले होते आणि काम संपेपर्यंत तो स्वतःची साधी काठी घेऊन काठावर बसला होता. त्याने आधी हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग जडतो, असे त्याने मला सांगितले. खालचा जबडा अंगठ्याने धरून त्याने गळ अलगद काढला, मासा क्षणभर माझ्यासमोर धरला आणि पाण्यात सोडला. त्या कोवळ्या हातांची काळजी पाहून मला माझ्या वहीतील शब्द आठवला : जीव राखून धरणे.

इतक्यात एक गृहस्थ आले. त्यांनी सौजन्यानेच मुलाला विचारले, "तू येथे राहतोस का? कोणाचा पाहुणा आहेस?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. मी स्वतः पाहुणा, परक्या देशात, कशाला मध्ये पडावे, असा विचार मनात आला. मुलाने काठी उचलली आणि तो निघून गेला. जावई परत आल्यावर मी सारे सांगितले. ते म्हणाले, "पप्पा, आमच्यासोबत आहे, एवढेच म्हणायचे होते. पाहुणा आणण्याची मुभा आपल्याला आहेच की."

वाचकहो, तो एक शब्द मी उच्चारला नाही. माझ्या मांडीवर लूकचा पाचवा अध्याय उघडा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला दिसत होती ती आपली मंडळी. वाटले, ज्या प्रभूने आपल्याला खुल्या सरोवरावर पाठवले, त्याच्या नावाने आपण खाजगी तळी तर राखत नाही ना?

त्या तळ्यातील मासेमारीची रीत पाहा. मासा पकडतात, वजन करतात, छायाचित्र घेतात आणि सोडून देतात. १९७२ पासून रे स्कॉट यांच्या बास-मासेमारांच्या संघटनेने स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची प्रथा रुजवली आणि ती सर्वत्र पसरली. माशांचे संरक्षण म्हणून ती स्तुत्य आहे. पण बंदिस्त तळ्यात तिचा परिणाम असा होतो की तोच मासा पुन्हापुन्हा गळाला लागतो. जावई मला माशांच्या ओठांवरील जुन्या जखमांचे व्रण दाखवीत असत. असे मासे हळूहळू आमिष ओळखू लागतात आणि जवळ येऊनही तोंड लावीत नाहीत.

आता आपल्या संजीवन सभा डोळ्यांपुढे आणा. हात वर होतात, नावे लिहून घेतली जातात, छायाचित्रे छापली जातात. पुढील वर्षी दुसरा वक्ता येतो आणि बहुतांशी तेच हात वर होतात. मधल्या बारा महिन्यांत त्या माणसाच्या घरी कोण गेले? त्याचे व्यसन, त्याचे कर्ज, त्याच्या मुलीचे मोडलेले लग्न, हे कोणी विचारले? आपण त्याला धरले ते आपल्या अहवालासाठी, त्याच्या जीवनासाठी नव्हे. पकडले, मोजले, सोडले. मग तो मंडळीच्या दारापर्यंत येतो, पण वचनाला तोंड लावीत नाही, तेव्हा आपण त्याला कठीण मनाचा म्हणतो. त्याच्या ओठांवरील व्रण आपण कधी पाहिले आहेत काय?

महाराष्ट्राबाहेर मराठी उपासना चालवणाऱ्या आपल्या लहान मंडळ्यांची अडचण मी जाणतो. कुटुंबे थोडी, मुले इंग्रजी उपासनेकडे वळलेली, पाळकाचा पगार कसाबसा जमतो. अशा वेळी दुसऱ्या मराठी मंडळीतील दोन घराणी आपल्याकडे आली तर आपण त्याला वाढ म्हणतो. पण एका तळ्यातील मासा दुसऱ्यात टाकल्याने सरोवर भरत नाही.

बंदिस्त पाण्याचा आणखी एक नियम आहे. अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून तळ्यांतील माशांच्या समतोलाचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये त्यावरील आपला प्रसिद्ध प्रबंध मांडला. अशा अभ्यासांतून पुढे स्पष्ट झालेली एक गोष्ट साधी आहे. ज्या तळ्यातून बास काढलेच जात नाहीत तेथे त्यांची दाटी होते. ते लहान मासे खाऊन संपवतात आणि मग स्वतः उपाशी राहतात. अनेकदा ते २५-३० सेंटिमीटरांच्या आसपासच खुंटतात. डोके मोठे, अंग बारीक. म्हणून जाणकार सांगतात, दरवर्षी काही मासे बाहेर काढा, म्हणजे उरलेले वाढतील. दृष्टांत फार ताणू नये हे मला ठाऊक आहे. तरी अंत्युखियाची मंडळी आठवल्यावाचून राहत नाही. तिने आपली सर्वोत्तम माणसे, बर्णबा आणि शौल, स्वतःजवळ राखून ठेवली नाहीत. उपास व प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांना निरोप दिला (प्रे. कृ. १३:१-३). जी मंडळी कोणाला पाठवत नाही, तिच्यात डोके मोठे होते आणि अंग वाळते. पदांसाठी भांडणे होतात ती दाटी असते म्हणूनच. पाणी तेवढेच, आणि प्रत्येकाला मोठा मासा व्हायचे असते.

आता गनेसरेतच्या काठी परत चला. प्रभू तेथे आला तेव्हा शिमोनाची होडी त्याने मागून घेतली. विश्वाचा स्वामी मच्छीमाराच्या होडीत पाहुणा झाला. मग जाळी भरली आणि फाटू लागली. त्या क्षणी शिमोनाने काय केले? ही माझी होडी, माझे जाळे, माझी रात्रभराची मेहनत, असे तो म्हणाला नाही. दुसऱ्या होडीतील सोबत्यांना त्यांनी खूण केली, आणि दोन्ही होड्या बुडू लागेपर्यंत भरल्या. लूकने त्या सोबत्यांसाठी पुढे जो शब्द योजला आहे (वचन १०), त्याच मुळातील ग्रीक शब्दाचे भाषांतर म्हणजे आपला 'सहभागिता' हा शब्द. प्रभुभोजनाच्या वेळी आपण तो उच्चारतो. प्रभूची विपुलता एका होडीत मावत नाही. जो ती एकट्याच्या होडीत ठेवू पाहतो त्याचे जाळे फाटते.

आणि राहाब? ती करारातील नव्हती, कुळातील नव्हती, तिच्या नावाला लौकिक नव्हता. तिचे घर गावकुसातच होते. तिला 'ही आमच्यासोबत आहे' असे म्हणणारे दोन हेर मिळाले, आणि त्यांनी खिडकीतील किरमिजी दोरीवरून तिचे घर ओळखले. पुढे मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले. जीव राखून धरणे म्हणजे काय, हे त्या एका घराने आपल्याला शिकवले आहे.

आपल्या मंडळीच्या दाराशीही कोणी उभे असते. उपासनेच्या वेळी चपलांपाशी थांबणारा चौकीदार असतो. आपल्या घरी भांडी घासणारी बाई असते. परप्रांतात रस्त्याच्या कामावर आलेले, आपलीच भाषा बोलणारे मजूर असतात. ते आपल्याकडे पाहतात. त्यांना हवा असतो एकच शब्द. आपण रहिवासी आहोत, म्हणून पाहुणा आणण्याची मुभा आपल्याला आहे. आणि हे रहिवासीपण तरी आपण वर्गणी भरून मिळवलेले नाही. आपणही दूर होतो, परके होतो (इफिस २:१९). कोणीतरी आपल्याविषयी पित्यापुढे म्हणाला : हा माझ्यासोबत आहे. तो शब्द त्याने वधस्तंभावर उच्चारला, आणि त्याची किंमत त्याने स्वतः भरली.

दुसऱ्या दिवसापासून मी परतेपर्यंत रोज त्याच वेळी त्या काठावर जाऊन बसलो. जावयांनी संघाकडे पाहुण्याचे नाव नोंदवण्याची तयारी ठेवली होती. मुलगा पुन्हा आला नाही. कामाची फेरी बहुधा दुसऱ्या वसाहतीकडे गेली असावी. काही शब्द वेळेवरच बोलायचे असतात.

मसुदा मात्र पूर्ण झाला. आमच्या भाषकाने अखेर शोधलेली शब्दयोजना अशी आहे : बुडणाऱ्याचा हात धरून त्याला जिवंत काठावर आणणे. त्याच्या गावात पावसाळ्यात नदी ओलांडताना हेच क्रियापद वापरतात. ते वाचून दाखवले तेव्हा गावचा एक म्हातारा म्हणाला, "हे तर आम्ही रोज करतो."

प्रिय वाचका, तुझ्याकडे आज कोण पाहत आहे?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे मौन आम्हांला क्षमा कर. तू आम्हांला जिवंत धरलेस, तसे इतरांना धरण्यास आमचे हात भिजव, कोमल कर. आमच्या मंडळ्यांची कुंपणे मोड, आणि दाराशी उभा असलेल्याविषयी तो एक शब्द बोलण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.